चिमूरची न झालेली चौकशी

फेब्रुवारी २०२३ मध्ये बुलढाण्यात सोयाबीन-कापसाच्या भावासाठी चाललेल्या आंदोलनावर लाठीमार झाला, तेव्हा आधी चूक कुणाची यावर बरेच दिवस वाद रंगला. सुदैवाने कुणी दगावले नाही. पण माणसे मरतात तेव्हाही वाद ‘पहिला दगड कुणी मारला’ यापाशीच अडतो. कायदा आणि प्रशासन हा या स्तंभाचा विषय, म्हणून आपल्याच जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या चिमूरकडे पाहू.

१६ ऑगस्ट १९४२, नागपंचमी. चिमूरच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, त्यात बालाजी रायपूरकर हा कोवळा पोरगा गेला. खवळलेल्या जमावाने प्रांत अधिकारी, नायब तहसीलदार अशा सरकारी माणसांना ठार मारले. हे क्रौर्यच होते, देशभक्तीच्या नावाखाली ते झाकू नये. त्याचा जाबही घेतला गेला. खटले चालले, फाशीच्या शिक्षा सुनावल्या गेल्या, पुढे त्या सौम्य झाल्या. पण फौज गावात शिरली ती १९ तारखेला. तोवर रस्त्यावरची झुंज संपून तीन दिवस झाले होते. त्यानंतर घरे लुटली गेली, पुरुषांची धरपकड झाली, बायकांवरील अत्याचाराच्या तक्रारी उठल्या. जमाव अंगावर आला म्हणून बळ वापरले, हा बचाव या तीन दिवसांच्या अंतरापुढे टिकत नाही. सैनिकांनी जे केले ते त्यांच्यावर, आणि त्यांना पाठवून नंतर डोळे मिटून घेणाऱ्या सरकारवर त्याहून जास्त. प्रा. भणसाळींनी चौकशीसाठी ६३ दिवस उपोषण केले. त्याआधी ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातल्या आपल्या लोकनायक अण्यांच्या दारीही जाऊन आले होते. उपोषण सुटले, चौकशी मात्र झाली नाही.

अशा चौकशांनी जवानांचे मनोधैर्य खचते, असा आक्षेप घेतला जातो. तो उडवून लावण्याजोगा नाही, कारण बंदोबस्तातला शिपाई हुकमाचा ताबेदार असतो. पण चौकशी नसली की हुकूम देणारा सुटतो आणि सगळ्या तुकडीवर डाग राहतो. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात राज्य राखीव पोलिस दलाच्या गोळीबारात दहा जण मेले. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, असे पोलिसांचे म्हणणे होते. न्या. गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला आणि २००९ मध्ये सत्र न्यायालयाने हुकूम देणाऱ्या फौजदाराला दोषी धरले. बारा वर्षे लागली खरी, पण दोष सगळ्या दलावर न जाता हुकूम देणाऱ्यापर्यंत पोचला.

आजच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४९ जमाव पांगवताना सैन्याने कमीत कमी बळ वापरावे असे सांगते, तर कलम १५१ नुसार सरकारच्या मंजुरीविना अशा कृतीबद्दल खटला भरता येत नाही. म्हणजे ज्याने फौज पाठवली, परवानगीही त्याचीच. हे संरक्षण काढून टाका, असे मी म्हणत नाही. मंजुरीचा निर्णय ठरावीक मुदतीत आणि लेखी कारणांसह द्यावा, एवढी दुरुस्ती आपल्या आमदार-खासदारांनी मागावी. बुलढाण्याच्या मतदारांनी पुढच्या सभेत त्यांना हे विचारावे.