टाकीवरची नजर कोणाची?

माहूल-तुर्भ्याच्या किनाऱ्यावर किंवा उरणच्या वाटेवर उभ्या असलेल्या अजस्र टाक्या मुंबईकरांच्या नजरेला इतक्या सरावल्या आहेत की, त्यांच्या पोटात काय साठवले आहे याचा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. पेट्रोल, डिझेल, विद्रावके, आम्ले, खाद्यतेले अशा नाना द्रवांचा हा साठा जहाजातून उतरतो, टाक्यांत विसावतो आणि टँकरने वा वाहिनीने देशभर जातो. या टर्मिनलांत आता नवे युग आले आहे. टाकीतील पातळी रडारवर चालणारे मापक मोजते, व्हॉल्व्ह नियंत्रण कक्षातून उघडतात व मिटतात, टँकर भरण्याचा हिशेब संगणक ठेवतो आणि कंपनीचा अधिकारी दूरच्या शहरात बसून प्रत्येक टाकीचा आकडा पाहू शकतो. या परिवर्तनाकडे समाजवादी कार्यकर्त्याने कोणत्या दृष्टीने पाहावे?

पहिली गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे. यंत्राला सरसकट विरोध करणे ही आमची भूमिका नाही. मापक नव्हते तेव्हा भर पावसात, रात्रीच्या पाळीला, कामगार टाकीच्या माथ्यावर चढत असे, झाकण उघडून पोलादी फीत आत सोडत असे आणि वर येणारी वाफ छातीत भरून घेत आकडा टिपत असे. त्या कष्टांत गौरवण्याजोगे काही नव्हते. ते काम यंत्राने आपल्याकडे घेतले असेल तर त्याचे स्वागतच केले पाहिजे. डॉ. लोहियांनी लहान यंत्राचा आग्रह धरला तोही यंत्रद्वेषातून नव्हे. यंत्र माणसाच्या ताब्यात राहावे, ही त्यामागची दृष्टी होती. तीच दृष्टी येथे लावली पाहिजे.

जयपूरचा अनुभव यंत्राची गरज पुरेपूर पटवून देतो. २९ ऑक्टोबर २००९ रोजी सीतापुरा येथील इंडियन ऑइलच्या टर्मिनलमध्ये पेट्रोल दुसऱ्या कंपनीच्या आवारात पाठविण्याची तयारी चालू असताना गळती सुरू झाली. जे कामगार व्हॉल्व्हपाशी होते ते वाफेने गुदमरले. गळती दूरवरून थांबवील अशी यंत्रणा कामास आली नाही. सुमारे सव्वा तास पेट्रोल वाहत राहिले, वाफेचा ढग पसरला आणि स्फोट झाला. अकरा माणसे मेली, आग अनेक दिवस धुमसत राहिली. गळती दूरवरून थांबविण्याच्या साधनाचा अभाव आणि त्या जागेसाठी लिखित कार्यपद्धतीचा अभाव, या दोन्हींवर चौकशी समितीने बोट ठेवले. स्वयंचलित व्हॉल्व्हवर वेळीच खर्च झाला असता तर हा संहार टळू शकला असता.

परंतु केवळ यंत्र बसविल्याने सुरक्षितता येते काय? इंग्लंडमधील बन्सफिल्डच्या तेलसाठ्यात सारे काही होते. पातळी मोजणारे स्वयंचलित मापक होते आणि टाकी काठोकाठ भरू लागल्यास पुरवठा तोडणारा स्वतंत्र स्विचही होता. ११ डिसेंबर २००५ च्या पहाटे ९१२ क्रमांकाच्या टाकीचे मापक अडकले. टाकी भरत होती आणि पडद्यावरचा आकडा जागचा हलत नव्हता. पेट्रोल टाकीच्या माथ्यावरून ओसंडू लागले, सुमारे अडीच लाख लिटर बाहेर पडले आणि सहा वाजून एक मिनिटाने स्फोट झाला. रविवारची पहाट होती म्हणून प्राणहानी झाली नाही, तरी चाळीसहून अधिक माणसे जखमी झाली.

चौकशीत जे उघड झाले ते प्रत्येक कामगार कार्यकर्त्याने मनावर कोरून ठेवावे असे आहे. ते मापक ऑगस्टअखेरपासून चौदा वेळा अडकले होते. स्वतंत्र स्विच एका साध्या कुलपावाचून निकामी राहिला होता, कारण चाचणीचा दांडा योग्य जागी धरून ठेवणे हे त्या कुलपाचे काम आहे, हे तेथे कोणाला नीट ठाऊकच नव्हते. आणि सर्वांत बोलका भाग पुढे आहे. तेल आणणाऱ्या तीनपैकी दोन वाहिन्यांतील प्रवाहाचा वेग व वेळ यांवर टर्मिनलच्या नियंत्रण कक्षाचा ताबाच नव्हता. पडद्यासमोर बसणाऱ्या माणसावर जबाबदारी सारी होती, अधिकार मात्र तुटपुंजा होता. कामाचा ताण वाढत गेला आणि यंत्राची वारंवार होणारी तक्रार नित्याची बाब ठरली.

विशाखापट्टणमची दुर्घटना हाच धडा दुसऱ्या बाजूने शिकविते. ७ मे २०२० रोजी एल. जी. पॉलिमर्सच्या टाकीतून स्टायरीनची वाफ सुटली आणि पहाटे झोपेत असलेल्या वस्तीवर पसरली. बारा माणसे दगावली. टाकीचे तापमान तळाशी मोजले जात होते, वरच्या थरात वाढणारी उष्णता मोजण्याची सोय नव्हती. वस्तीला सावध करणारा भोंगाही वाजला नाही. मालकाने जेथे मापक बसविले तेवढेच यंत्राला दिसते. मालाची तूट, टँकरचा हिशेब, जहाजाचा खोळंबा यांसाठी मापके झटपट बसतात. कामगाराचा श्वास आणि शेजारच्या झोपड्यांतली झोप यांचा हिशेब कोणत्या पडद्यावर येतो?

म्हणून प्रश्न सत्तेचा आहे, आणि येथे कायद्याची दिशा चिंताजनक आहे. भोपाळच्या हत्याकांडानंतर, १९८७ साली, कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन धोकादायक प्रक्रियेच्या प्रत्येक कारखान्यात कामगारांच्या सहभागाची सुरक्षा समिती नेमणे मालकावर बंधनकारक झाले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने इशारा देण्याचा कामगाराचा हक्क राखला आहे. मात्र कलम २२ अन्वये सुरक्षा समिती नेमावयास लावणे सरकारच्या इच्छेवर सोपविले आहे, आणि धोकादायक कारखान्यात सुरक्षा अधिकारी नेमण्यासाठी अडीचशे कामगारांची अट घातली आहे. टर्मिनल स्वयंचलित झाले की कामगारांची संख्या घटते, साठा मात्र तेवढाच राहतो किंवा वाढतो. म्हणजे यंत्र जितके वाढेल तितके संरक्षण आकसेल! धोका टाकीतील टनांवरून मोजावयाचा की हजेरीपटावरील नावांवरून?

या परिस्थितीत आमच्या मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. सुरक्षा समितीचा निकष साठ्याचे प्रमाण हा असावा आणि तिच्यात कंत्राटी कामगारांचे प्रतिनिधी असावेत, कारण टँकर भरण्यापासून टाकी धुण्यापर्यंतची जोखमीची कामे बहुधा तेच करतात. प्रत्येक मापकाच्या बिघाडाची आणि प्रत्येक स्विचच्या चाचणीची नोंद समितीपुढे उघडी असावी. पाळीवर किती माणसे हवीत याची किमान संख्या ठरावी. शंका येताच पंपिंग थांबविण्याचा अधिकार पाळीवरील कामगाराला असावा आणि तो वापरल्याबद्दल त्याला शिक्षा होऊ नये. धोक्याच्या परिघातील नागरिकांना माहिती देण्याचे बंधन १९८९ च्या नियमांत आहेच. ती माहिती वस्तीच्या भाषेत वस्तीपर्यंत पोहोचावी आणि भोंग्याची चाचणी लोकांच्या समक्ष व्हावी.

ही कामे विधिमंडळातील भाषणांनी पुरी होणार नाहीत. टर्मिनलांच्या दारावर पाळी बदलते तेथे कार्यकर्ते उभे राहिले पाहिजेत. कंत्राटी कामगाराला संघटनेत आणले पाहिजे. भोंगा वाजला तर कोणत्या दिशेने पळावयाचे, हा प्रश्न माहूलच्या चाळीत आणि उरणच्या गावात विचारला गेला पाहिजे. बन्सफिल्डच्या मापकाने आपला बिघाड चौदा वेळा दाखविला होता. तो ऐकून तेल थांबवू शकेल असा अधिकारसंपन्न माणूस तेथे नव्हता. तो माणूस प्रत्येक टाकीपाशी उभा करणे हे आमच्या चळवळीचे काम आहे.