पदवीचा हिशेब आधी घरात मांडा

दहावीचा निकाल लागला की गणपतीपुळ्यासारख्या गावातही पाल्याला इंजिनियर करण्याचे बेत सुरू होतात. कुठे आंब्याच्या कलमांचे उत्पन्न, कुठे पर्यटकांना दिलेल्या दोन खोल्यांचे भाडे. त्यातून फी भागली नाही तर कर्ज. ही जिद्द आदरणीयच आहे, पण तिला हिशेबाची जोड हवी.

समजा, यांत्रिकी पदवीसाठी ४ वर्षे दरवर्षी प्रारंभी १ लाखाचे कर्ज १० टक्के सरळव्याजाने घेतले. शिक्षण संपल्यावर बहुधा आणखी वर्षभर हप्त्याला सवलत असते. व्याज मात्र थांबत नाही. पहिला हप्ता भरण्यापूर्वीच ४ लाखांचे ५ लाख ४० हजार झालेले असतात.

याला दुसरी वाट आहे. दहावीनंतर ३ वर्षांची पदविका आणि मग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश. बारावीमार्गे ६ वर्षे लागतात, या मार्गानेही सहाच. मात्र येथे अर्ध्या वाटेवरच नोकरीयोग्य पात्रता हाती येते. रत्नागिरीत शासकीय तंत्रनिकेतन आहे. जयगडला बंदर आणि वीजप्रकल्प आहे. शिकाऊ उमेदवारीची संधी मिळाली तर विद्यावेतन घेत यंत्रांशी आपले जमते का, हे पारखता येते.

संशोधन किंवा सार्वजनिक उपक्रमांतील अभियंतापद हवे असेल, तर पदवी अवश्य घ्यावी. केवळ चारचौघांत मिरवण्यासाठी मात्र घर कर्जात लोटू नये. प्रवेश-अर्जावर सही करण्यापूर्वी पालकांनी पाल्याला शेजारी बसवून हा हिशेब मांडावा. उद्या हप्ते त्यालाच फेडायचे आहेत.