खुर्ची उशिरा हलली!

आठ वर्षांचा भाचा मागच्या रविवारी वसईहून माझ्याकडे, भाईंदर पश्चिमेला आला होता. त्याला गेम पार्लरमध्ये नेलं. तिथे हलत्या खुर्च्यांचा रोलर कोस्टर शो. चार-पाच मिनिटांचा पिक्चर, पण साहेबांनी त्याआधीच बाहेर धाव घेतली आणि भडाभडा उलटी. फोनवर ताईचा निकाल तय्यार, ‘वडापाव कशाला चारलास?’ भाचा मात्र हळूच म्हणाला, ‘मावशी, मी भित्रा आहे ना?’

हे जाम लागलं. मग दोन रात्री वाचत बसले.

फंडा असा, की खुर्ची फार लांब जातच नाही. गाडी सुसाट सुटलीय असं भासवायचं तर ती हळूच मागे कलते. पाठीवर आपलंच वजन पडतं आणि समोरच्या पडद्यामुळे मेंदू म्हणतो, वेग वाढला! मग आपल्याला कळणारही नाही इतक्या सावकाश ती जागेवर परत येते, पुढच्या धक्क्याच्या तयारीने. म्हणजे खरी कारागिरी न जाणवणाऱ्या हालचालीत. कमाल आहे ना?

पिक्चरचंही तेच. इथे कॅमेरा म्हणजे तुमचे डोळे, त्यामुळे मनात आलं की कट मारला असं चालत नाही. मारायचाच तर अंधाऱ्या बोगद्यात लपवायचा. पिक्चर झाला की कुणीतरी जॉयस्टिक घेऊन पडद्याबरोबर खुर्ची ‘चालवतो’. ती हालचाल रेकॉर्ड होते आणि मग जिथे जुळत नाही तिथे दुरुस्ती, पुन्हा पुन्हा.

आयडिया जुनीच. 1905च्या सुमारास अमेरिकेत जॉर्ज हेल या अग्निशमन दलाच्या माजी प्रमुखाने रेल्वेच्या डब्यासारखं थिएटर केलं होतं. समोर धावत्या गाडीवरून घेतलेली फिल्म, खाली हलणारा डबा. 1987 मध्ये डिस्नेलँडने ‘स्टार टूर्स’ काढली, ती तर वैमानिकांना शिकवणाऱ्या सिम्युलेटरच्या तंत्रावर.

आमच्या पार्लरमध्ये मात्र पडद्यावरची गाडी वळून गेल्यावर खुर्ची वळत होती. मी हसत होते! डोळे सांगतात वळलो, कानातला तोल सांगतो बसलोय. या भांडणात पोट ढवळतं. (नीट जुळलेल्या राइडमध्येही काहींना मळमळतंच, ते वेगळं.)

या रविवारी भाच्याने पार्लरचं नावही काढलं नाही. संध्याकाळी सोडायला निघाले. लोकलमध्ये त्याला खिडकी दिली. गाडी खाडीच्या पुलावर धडधडायला लागली तेव्हा हे सगळं सांगितलं. तो बराच वेळ बाहेर पाण्याकडे बघत राहिला.

मग म्हणाला, ‘म्हणजे मावशी, खुर्चीच ढ होती?’