पद्मिनीच्या नळ्या

दोस्तांनो, या खेपेच्या टपालात कोकणातून एक जाडजूड पत्र आलंय. आठवीतला एक वाचक लिहितो, "आजोबांची १९७४ सालची पद्मिनी सहा वर्षं पडवीत झाकून ठेवली होती. आता मी आणि मामा ती चालू करतोय. इंजिन सुरू झालं! पण खालून बघितलं तर ब्रेकच्या नळ्यांवर गंज चढलाय, नखानं खवले निघतात. मामा म्हणतो, घरीच बदलू. आजी म्हणते, ब्रेकशी खेळ नको. कोण बरोबर?"

दोघंही! काम मामाचं, पण ते आजीच्या धास्तीनं करायचं. कसं, ते बघू या.

पद्मिनी म्हणजे मूळची इटलीची फियाट ११०० बरं का. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४पासून ती फियाट ११०० डिलाइट म्हणून बनायची आणि १९७४ साली तिचं नाव प्रीमियर पद्मिनी झालं. तरी लोक तिला 'फियाट'च म्हणत राहिले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत ती ऑक्टोबर २०२३पर्यंत टिकली. तुमच्यातल्या धाकट्यांनी ती आता सिनेमातच पाहिली असेल.

आता एक प्रयोग करा. सुया नसलेल्या दोन नव्या सिरिंज आणा, एक २ मिलीची आणि एक १० मिलीची. माशांच्या टाकीत हवा सोडायची बारीक नळी असते ना, तिनं दोन्ही जोडा आणि आत पाणी भरा. हवेचा एकही बुडबुडा राहू देऊ नका. आता लहान सिरिंजचा दांडा तुम्ही दाबा आणि मोठीचा दांडा मित्राला अंगठ्यानं अडवायला सांगा. मित्र कितीही दांडगा असो, तुम्हीच जिंकणार. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोहोचतो, असं फ्रान्सच्या ब्लेझ पास्कलनं सतराव्या शतकात सांगून ठेवलंय. दाब सारखा, पण मोठ्या सिरिंजचं क्षेत्रफळ जास्त, म्हणून तिथला जोर जास्त.

ब्रेकमध्ये हेच चालतं. समजा, ड्रायव्हरनं पेडल २० किलोच्या जोरानं दाबलं. पेडल म्हणजे तरफ. ती हा जोर पाचपट करते असं धरू. झाले १०० किलो. मास्टर सिलिंडरच्या दट्ट्याचं क्षेत्रफळ अडीच चौरस सेंटिमीटर असेल, तर ब्रेक ऑइलवर दर चौरस सेंटिमीटरला ४० किलोचा दाब येतो. हा दाब नळ्यांमधून चाकापर्यंत जातो. तिथल्या दट्ट्याचं क्षेत्रफळ पाच चौरस सेंटिमीटर धरलं तर तो २०० किलोच्या जोरानं ब्रेक-शू ड्रमवर दाबतो. आकडे हिशेबासाठी घेतलेत, पण गोष्ट खरी आहे. मोटारीत हे आणलं माल्कम लॉकहीड यांनी. त्यांचं पेटंट १९१७ सालचं.

आता नळीकडे वळू. जेमतेम पावणेपाच मिलिमीटर जाडीची ती चिमुकली नळी हा सगळा दाब सोसते. ती फुटली तर? १९६०च्या दशकातल्या बहुतेक गाड्यांत आणि त्यांच्यावरून पुढे बनत राहिलेल्या कित्येक गाड्यांत चारही चाकांना मिळून तेलाची एकच वाट असे. एका चाकाची नळी फुटली की सगळं तेल तिथून बाहेर. पेडल थेट तळाला जातं आणि चारही चाकं मोकळी! नंतरच्या गाड्यांत दोन स्वतंत्र वाटा आल्या, म्हणजे एक गेली तरी दुसरी गाडी थांबवते. म्हणून आजी म्हणते ते हसण्यावारी नेऊ नका.

गंज बाहेरून लागतो तो चिखलानं आणि खाऱ्या हवेनं. सगळ्यात वाईट जागा म्हणजे नळी जिथं पट्टीनं गाडीला बांधलेली असते, ती. तिथं ओली माती अडकून बसते आणि वरून काही दिसत नाही. पण गंज आतूनही लागतो! ब्रेक ऑइलला आपण ऑइल म्हणतो, पण ते इंजिन ऑइलसारखं तेल नव्हे. ते ग्लायकॉल जातीचं असतं आणि हवेतली ओल शोषून घेतं. 'डॉट ३' जातीचं कोरं ऑइल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. तेच ओलं झालं की हा आकडा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. घाट उतरताना सारखा ब्रेक दाबला की ड्रम तापतात, ऑइल उकळतं, त्याची वाफ होते आणि वाफ हवेसारखीच दबते. (जुने ड्रायव्हर घाटात गाडी दुसऱ्या गिअरमध्ये उतरवत, ते उगीच नव्हे.)

चला आता कामाला. गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर हवी. चाकांना लाकडी ठोकळे लावायचे, जॅकनं उचलून गाडी लोखंडी घोड्यांवर ठेवायची. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर ठेवलेल्या गाडीखाली कोणीही जायचं नाही, मामानंसुद्धा नाही. आणि गाडीखालचं काम मोठ्यांचंच. ज्यानं आधी ब्रेकचं काम केलंय असा माणूस सोबत नसेल, तर एका दिवसापुरता मेस्त्रींना घरी बोलवा.

नळ्यांचे नट वर्षानुवर्षं जाम झालेले असतात. तारेच्या ब्रशनं घासून, गंज सोडवणारं तेल आदल्या रात्री सोडून ठेवा. साधा फिक्स पाना लावला तर नटाचे कोपरे झिजून तो गोल होतो. त्यासाठी वेगळा पाना मिळतो. तो रिंग पान्यासारखाच असतो, पण नळी आत जाण्यापुरती त्याला फट असते. रबरी होजला जोडलेला नट सोडवताना दुसऱ्या पान्यानं होजचं तोंड धरायचं, नाहीतर होजला पीळ बसतो. नळ्या गंजल्या असतील तर होजही जुनेच असणार. तेही बदला, तिथं काटकसर नको.

जुनी नळी तोडून काढू नका. ती अख्खी निघाली तर तोच तुमचा नमुना. इथं भाच्याचं काम सुरू होतं. नळीच्या वळणावळणानं सुतळी लावून लांबी मोजायची, प्रत्येक नळीला चिठ्ठी बांधायची, वहीत आकृती काढायची.

नवी नळी कशाची? मूळची असते पोलादाची. एकच पत्रा दोनदा गुंडाळून तांब्यानं सांधलेली, तिला बंडी ट्यूब म्हणतात. तांबं आणि निकेलच्या मिश्रधातूचीही मिळते. ती गंजत नाही आणि हातानं सहज वळते. जुन्या गाड्यांचे भक्त म्हणतील, मूळचं तेच हवं. मी म्हणेन, समुद्राकाठच्या गाडीला मिश्रधातूचीच घाला. मात्र कोणी फ्रिजची तांब्याची नळी आणून दिली तर हात जोडून परत करा. निव्वळ तांबं सततच्या थरथरीनं कडक होतं आणि चिरतं.

कापायला हॅकसॉ नको, पाइप-कटर वापरा. लोखंडाचा कीस आत गेला तर सिलिंडरची रबरं खातो. मग नळीचं तोंड फुलवायचं. तेही दुहेरी, म्हणजे कडा आत दुमडून. इकहेरी फुललेली कडा चिरते. जुन्या नळीचं टोक नीट बघून नवं अगदी तसंच करायचं, कारण फुलवण्याच्या तऱ्हा निरनिराळ्या असतात. आणि हो, तोंड फुलवण्याआधी नट नळीत ओवलाय ना? दोन्ही? योग्य दिशेनं? हा प्रश्न भाच्यानं दर वेळी मोठ्यानं विचारायचा. उरलेल्या तुकड्यांवर चार-पाच टोकं फुलवून हात बसला की मगच खऱ्या नळीला हात लावायचा.

वळण गोल डब्यावर द्या, नळी चेपली तर ती बाद. सायलेन्सरपासून लांब, जुन्याच वाटेनं, जुन्याच जागी पट्ट्या लावून बसवा. नट आधी हातानं फिरवायचे आणि मग पान्यानं आवळायचे.

शेवटी हवा काढायची. सिरिंजमध्ये मुद्दाम एक बुडबुडा ठेवून बघा, सगळा जोर तो बुडबुडाच खाऊन टाकतो! सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करायची. मास्टर सिलिंडर उजवीकडे असेल तर आधी मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं आणि शेवटी पुढचं उजवं. चाकाच्या निप्पलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवायचं. भाचा पेडलवर. "दाब!" म्हटलं की दाबायचं आणि "दाबलं" असं ओरडायचं. मामा निप्पल उघडेल, बुडबुडे येतील, तो निप्पल बंद करेल आणि "सोड" म्हणेल. त्याआधी पाय उचलला तर हवा परत आत! असं बुडबुडे थांबेपर्यंत करायचं. वरची टाकी रिकामी होऊ द्यायची नाही, बाटलीतलं ऑइल पुन्हा वापरायचं नाही. ते विषारी असतं आणि रंगही उखडतं, तेव्हा सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा.

आता पेडल जोरानं दाबून दोन मिनिटं धरा. ते कडक लागलं पाहिजे, हळूहळू खाली सरकता कामा नये. प्रत्येक जोडाला वर्तमानपत्राचा कोरडा तुकडा लावून बघा. ओल दिसली तर गाडी हलवायची नाही. आधी हँडब्रेक तपासा, मग अंगणात चालायच्या वेगानं फेरी. रस्त्यावर न्यायची ती मेस्त्रींनी बघितल्यावरच. आठवड्यानं पुन्हा कागद लावायचा.

पत्राच्या शेवटी आमच्या दोस्तानं विचारलंय, जुन्या नळ्या भंगारात देऊ का? दे, पण त्याआधी सगळ्यात खराब नळीचा वीतभर तुकडा उभा कापून घे. आत काय दिसतं ते आजीला दाखव आणि आम्हाला लिहून कळव.