काटकसरीचा उपदेश आणि मुंबईतील घर

मुंबईत घर घेऊ न शकणाऱ्या तरुणांस आपल्या सुशिक्षित वडीलधाऱ्या मंडळींनी अलीकडे एक उपदेश चालविला आहे. तो असा की, आम्ही पोटाला चिमटा घेऊन घर केले. तुम्ही हॉटेलांत आणि प्रवासांत पैसा उधळता, म्हणून तुम्हांस ते मिळत नाही. हा उपदेश ऐकावयास मोठा सात्त्विक वाटतो; पण तो खरा नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मागील पिढ्यांनी काटकसर केली, हे कोण नाकारील? परंतु नुसत्या काटकसरीवर मुंबईतील मध्यमवर्गाचा संसार कधीच उभा राहिला नाही. प्लेगनंतर १८९८ साली स्थापन झालेल्या सुधार ट्रस्टाने दादर-माटुंग्याची जमीन आखून दिली, तेव्हा तेथे वस्ती झाली. १९१५ मध्ये गावदेवीस सारस्वत मंडळींनी सहकारी गृहसंस्था काढली. १९४७ च्या कायद्याने भाडी जखडली गेली आणि त्या भाड्याच्या आधाराने कित्येकांच्या मुलांची शिक्षणे पार पडली. (त्या कायद्याने जुन्या इमारतींची जी दशा केली, तिचे समर्थन आम्ही करीत नाही.) पुढे गृहनिर्माण मंडळाच्या वसाहती झाल्या, वांद्र्यास तर साहित्यिकांनीही सहकाराने ‘साहित्य सहवास’ उभारला. शिडीने माडीवर चढावे आणि श्रेय मात्र आपल्या पायांस द्यावे, त्यातला हा प्रकार आहे.

आता थोडा हिशेब पाहू. घर १ कोटीचे धरा. त्यापैकी ७५ लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांकरिता काढले, तर दरमहा ६५ हजारांचा हप्ता बसतो आणि एकंदर फेड १ कोटी ५६ लाखांवर जाते. उरलेले २५ लाख पदरचे हवेत; मुद्रांक शुल्क निराळेच. दरमहा ५ हजारांची चैन सोडणारा विरक्त पुरुष एवढी रक्कम, व्याज न धरता, ४१ वर्षे ८ महिन्यांनी जमवील!

जमीनच उरली नाही, असे यावर सांगण्यात येते. १९८२ च्या संपानंतर ओस पडलेल्या गिरण्यांची जमीन कोठे गेली? १९९१ च्या नियमाने तिचा सुमारे एकेक तृतीयांश भाग महापालिकेस आणि गृहनिर्माण मंडळास मिळावयाचा होता. २००१ साली तो नियम केवळ मोकळ्या जागेपुरता आकसण्यात आला, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल ग्राह्य धरला. ती जमीन तरुणांच्या चहापाण्यात खचित बुडालेली नाही. आणि घरांचाच दुष्काळ म्हणावा, तर २०११ च्या जनगणनेत देशातील शहरांतून १ कोटी १० लाखांवर घरे रिकामी आढळली. या कुलपांच्या किल्ल्या कोणाच्या कपाटांत आहेत, हे उपदेशकांनी एकदा आपापसांत विचारून पाहावे.

त्यांच्या जुन्या गृहसंस्थांचे सध्या पुनर्विकास चालू आहेत. प्रत्येक सभासदास वाढीव जागा हवी, कॉर्पसची रक्कम हवी, इमारत होईपर्यंतचे भाडेही हवे. ते मागू नये, असे आम्ही म्हणत नाही. परंतु बिल्डर हा खर्च आपल्या खिशातून करीत नाही. वरच्या मजल्यांवरील विकाऊ सदनिकांच्या किमतीतून तो वसूल करतो, आणि त्या सदनिका ज्यांनी घ्यावयाच्या, ती याच मंडळींची मुले. सभेत आणखी शंभर चौरस फुटांसाठी तासभर भांडून परतलेले गृहस्थ त्याच रात्री जेवताना मुलास काटकसर शिकवितात.