शेताला दिवसा वीज द्या

सौरऊर्जेचा विषय आरोग्याच्या सदरात कशाला, असे काही वाचकांना वाटेल. गहू-हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस आले की माझ्या दवाखान्यातली गर्दी बदलते. रात्रभर ओल्या पायांनी दारे धरून दमा उसळलेले, चिखलात उभे राहून स्टार्टरच्या पेटीला हात लावताना शॉक बसलेले, अंधारात बांधावरून घसरून पाय मोडलेले आणि साप चावलेले शेतकरी येऊ लागतात.

शेतीपंपांना थ्री-फेज वीज पाळीने मिळते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की शेतकऱ्याला बॅटरी घेऊन शेतात जावेच लागते. ऐन थंडीत साप कमी फिरतात, हे खरे. पण फेब्रुवारीनंतर ऊन वाढते, आणि ऊस, उन्हाळी भुईमूग यांना पाणी तर द्यावेच लागते. मण्यार रात्रीच बाहेर पडते. तिचा दंश फारसा दुखत नाही, सूजही येत नाही. माणूस 'काही नाही, काटा असेल' म्हणून काम करत राहतो आणि काही तासांत पापण्या मिटू लागतात, श्वास अडतो. (येथेच सांगून ठेवतो : साप चावल्यास दोरी आवळू नका, जखम कापू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. पाय न हलवता रुग्णाला थेट सरकारी रुग्णालयात न्या.)

2000 ते 2019 या वीस वर्षांत देशात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे दगावली, असा संशोधकांचा अंदाज आहे. बहुतेक खेड्यातली. हे मृत्यू 2030 पर्यंत निम्मे करण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा केंद्र सरकारने 2024 मध्ये जाहीर केला. लस सर्वत्र हवीच, पण माणूस रात्री शेतात गेलाच नाही तर उत्तम.

सौर वीज दिवसाच तयार होते. हे सरकारला ठाऊक नाही असे नाही. उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीच्या फीडरला दिवसा वीज देणारी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 मध्ये आली, 2023 मध्ये तिचा दुसरा टप्पा. वैयक्तिक सौरपंपांसाठी केंद्राची कुसुम योजना 2019 पासून आहे. जिथे फीडर सौर झाला, तिथले शेतकरी रात्री घरी झोपतात. माझी तक्रार वेगाची आहे. हिश्शाचे पैसे भरून पंपाची वाट पाहणारे लोक मला दर आठवड्याला भेटतात. एका मेगावॅटला चार-पाच एकर जागा लागते, आणि ती गायरानात घ्यायची म्हटले की चराईचा वाद उभा राहतो. तो वाद खोटा नाही. गावकऱ्यांसोबत ग्रामसभेत बसूनच तो सोडवावा लागेल, नुसत्या आदेशाने नव्हे.

आमदार-खासदारांना आणि पालकमंत्र्यांना माझी विनंती आहे, की जिल्हा नियोजन समितीच्या प्रत्येक बैठकीत रात्रीच्या पाळीवर उरलेल्या फीडरांची यादी वाचून दाखवावी, प्रत्येकासमोर तारीख लिहून. आणि क्रम ठरवताना आरोग्य खात्याची सर्पदंशाची नोंदवही शेजारी ठेवावी. ज्या गावांतून जास्त रुग्ण येतात, त्यांचा फीडर आधी घ्यावा. पुढचा रब्बी हंगाम सुरू होण्यापूर्वी निदान ही यादी तरी वर्तमानपत्रात छापून यावी.