ताप आलाय? अंगावर काळी खपली आहे का, ते आजच बघा

विदर्भातल्या शेतकरी आणि शेतमजूर बंधूभगिनींनो,

निंदण जोरात आहे, धुऱ्यांवर गवत माजलंय. स्क्रब टायफसचा हाच हंगाम. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपास या तापाने माणसं दगावली. औषध जुनं आहे, स्वस्त आहे. जीव जातो तो उशिरामुळे.

गवताझुडपांत, उंदरांच्या वावराच्या जागी माइट नावाचा बारीक किडा असतो. त्याचं पिल्लू, म्हणजे चिगर, चावलेलं कळतही नाही. साधारण दहा-बारा दिवसांनी थंडी वाजून ताप भरतो, डोकं ठणकतं, अंग मोडून येतं, काहींच्या छाती-पोटावर पुरळ उठतं. रक्तातल्या पेशीही कमी होतात. मग डेंग्यूच समजून दिवस जातात.

चावलेल्या जागी बरेचदा खूण उमटते. विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली, भोवती लाल कडा. ती दुखत नाही, म्हणून कुणी बघत नाही. काख, जांघ, कंबरेचा पट्टा, कानामागे, स्तनांखाली, सगळीकडे उजेडात नीट बघा. आयाबहिणींनो, इथे लाज धरू नका. घरातल्या बाईला दाखवा, नर्सताईंना दाखवा. खपली सापडली नाही तरी निर्धास्त होऊ नका. अनेकांना ती नसतेच.

तापाच्या आधीच्या तीन आठवड्यांत वावरात, गवतात गेला असाल, तर डॉक्टरांना आपणहून सांगा. डॉक्सीसायक्लिन वेळेवर मिळालं तर बहुधा दोन दिवसांत ताप उतरतो. गरोदर बाईला अझिथ्रोमायसिन देतात. पेनिसिलिनच्या जातीची औषधं यावर चालत नाहीत, त्यामुळे मेडिकलमधून मनाने गोळ्या आणू नका. डॉक्टरांनाही कळकळीची विनंती: पहिल्या दिवसांत तपासणी निगेटिव्ह येऊ शकते. संशय असेल तर रिपोर्टसाठी औषध अडवून ठेवू नका.

दम लागला, लघवी कमी झाली, डोळे पिवळे दिसले, माणूस बरळू लागला, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन लावा.

हा आजार माणसाकडून माणसाला लागत नाही, रुग्णाला वेगळं टाकू नका. लस मात्र नाही. वावरात पूर्ण बाह्या, गमबूट घाला. गवतावर बसू-झोपू नका, कपडे वाळत घालू नका. घरी आल्याबरोबर साबणाने घासून आंघोळ करा, अंगावरचे कपडे गरम पाण्यात टाका आणि घराभोवतीचं गवत या आठवड्यातच कापून काढा.